‘पेमेंट सक्सेसफुल’च्या पुढे: नव्या ऑनलाइन विक्रेत्यांनी कार्डाची फसवणूक कशी टाळावी

ऑनलाइन दुकान नव्यानं सुरू करणाऱ्या बहुतेकांचा एक समज असतो. स्क्रीनवर ‘पेमेंट सक्सेसफुल’ आलं, म्हणजे पैसे मिळाले. आता माल पॅक करायचा आणि पुढच्या ऑर्डरकडे वळायचं. प्रत्यक्षात बँकेनं तेव्हा इतकंच सांगितलेलं असतं की हा कार्ड क्रमांक खरा आहे, कार्ड बंद केलेलं नाही आणि त्यावर एवढी रक्कम शिल्लक आहे. क्रमांक टाइप करणारा माणूस कार्डाचा मालक आहे का, याबद्दल त्या मंजुरीत अवाक्षर नसतं.

काही आठवड्यांनी खऱ्या मालकाच्या हाती स्टेटमेंट पडतं. ‘ही खरेदी माझी नाही’ असं तो आपल्या बँकेला कळवतो आणि ती रक्कम तुमच्या खात्यातून परत ओढली जाते. यालाच चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत फसवणुकीचा असा दावा करायला साधारण १२० दिवसांची मुदत असते. तोवर माल गेलेला असतो, कुरिअरचा खर्च झालेला असतो, वर गेटवे, म्हणजे तुमच्या साइटवर कार्डाचे पैसे स्वीकारून देणारी कंपनी, प्रत्येक दाव्यामागे वेगळी फी लावते. समोरासमोर चिप आणि पिन वापरून झालेल्या व्यवहारात असा तोटा सहसा बँकेच्या अंगावर पडतो. कार्ड समोर नसतानाच्या व्यवहारात तो विक्रेत्याच्या अंगावर येतो. पोलिसांत तक्रार केली आणि चोर सापडला, तरी हा हिशेब आपोआप उलटत नाही.

म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत: मंजुरी मिळणं आणि माल हातातून सुटणं यांच्यामधला वेळ नीट वापरणं. तेवढाच काळ निर्णय तुमच्या हातात असतो. पार्सल निघालं की उरतं ते कागदपत्रं जमवणं.

पायरी १: कार्डाची माहिती आपल्याकडे येऊच देऊ नका

चोरलेलं कार्ड तुमच्या दुकानात वापरलं जाऊ शकतं, तसा तुमच्या दुकानातून कार्डाचा तपशील चोरलाही जाऊ शकतो. हे दुसरं टाळायचं तर चोरण्यासारखं काही जवळ ठेवूच नये. कार्डाचा तपशील भरायची चौकट गेटवेचीच असू द्या. मग क्रमांक थेट त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तुमच्या हाती येतं ते फक्त टोकन, जे इतर दुकानांत कुचकामी असतं.

कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येकाला पीसीआय डीएसएस हे सुरक्षा मानक लागू होतं, दुकान कितीही छोटं असो. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. २००६ पासून अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर, जेसीबी, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी स्थापलेली परिषद ते सांभाळते. पेमेंटचं सगळं काम गेटवेवर सोपवलं असेल तर भरायची प्रश्नावली बरीच छोटी होते. नव्या दुकानदारानं वेगळी वाट धरावी असं एकही कारण मला तरी दिसत नाही.

एक नियम मात्र तोंडपाठ हवा. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही (अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डावर तो पुढच्या बाजूला असतो आणि चार आकडी असतो) मंजुरीनंतर कुठेही साठवायचा नाही. एन्क्रिप्ट करूनही नाही आणि वहीत लिहूनही नाही. फोनवरून ऑर्डर घेणारे इथेच घसरतात: क्रमांक चिठ्ठीवर उतरवला जातो आणि चिठ्ठी टेबलावरच राहते. कधी ग्राहकच उत्साहानं कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवतो, आणि तो कुणाच्या तरी फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो.

पेमेंटची चौकट गेटवेची असली, तरी तिच्या आजूबाजूच्या स्क्रिप्ट, म्हणजे पानावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, तुमच्याच असतात. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या एका स्क्रिप्टमध्ये हल्लेखोरांनी जेमतेम २२ ओळी घुसवल्या. ग्राहकानं पैसे भरायचं बटण दाबलं की त्याचा तपशील कंपनीबरोबरच चोरांनी घेतलेल्या मिळत्याजुळत्या नावाच्या पत्त्यावरही जाई. चार लाखांहून जास्त लोकांची माहिती धोक्यात आली आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. पीसीआय डीएसएसच्या चौथ्या आवृत्तीत पेमेंटच्या पानावरच्या स्क्रिप्टची यादी ठेवण्याची आणि त्यांतले बदल पकडण्याची कलमं आली, ती अशाच हल्ल्यांमुळे. चॅटची खिडकी, जाहिरातींचे ट्रॅकर, ‘आता फक्त ३ उरले’ असं नाचवणारं प्लगइन, यांतलं पेमेंटच्या पानावर खरंच काय लागतं ते पाहा आणि बाकीचं तिथून काढा.

दुकानाच्या ॲडमिन पॅनलला आणि गेटवेच्या डॅशबोर्डला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. गेटवेची सीक्रेट की (तुमचं दुकान गेटवेशी बोलताना वापरतं तो गुप्त संकेत) कोडमध्येच लिहून तो कोड सर्वांना दिसेल असा ठेवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं. की फुटल्याचा नुसता संशय आला तरी जुनी रद्द करून नवी काढा.

पायरी २: गेटवेमध्ये असलेल्या तपासण्या चालू करा

बऱ्याच सोयी गेटवेत आधीपासून असतात, फक्त कुणी सेटिंगचं पान उघडलेलं नसतं.

सीव्हीव्ही मागा, आणि तो जुळला नाही तर व्यवहार नाकारा. सीव्हीव्ही साठवायला मनाई असल्यामुळे दुकानांच्या डेटाबेसमधून चोरलेल्या क्रमांकांसोबत तो सहसा नसतो. मात्र पेमेंटच्या पानावरून किंवा बनावट साइटवरून चोरलेल्या तपशिलात तो असतोच, त्यामुळे ही तपासणी पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे.

पत्त्याची तपासणी, म्हणजे एव्हीएस, ग्राहकानं दिलेल्या बिलिंग पत्त्यातले घर क्रमांकाचे आकडे आणि पोस्टल कोड बँकेकडच्या नोंदीशी ताडून पाहते. ती प्रामुख्यानं अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कार्डांवर चालते. इतर देशांतल्या कार्डांसाठी ‘तपासता आलं नाही’ असं उत्तर येतं. त्याला ‘जुळलं नाही’ समजून ऑर्डर नाकारणं ही नवख्यांची नेहमीची गडबड. घर बदलल्यावर बँकेत पत्ता न बदलणारेही कमी नसतात. म्हणून एव्हीएसच्या एकट्या उत्तरावर निर्णय सोडू नका.

तिसरी आणि सगळ्यात कामाची सोय म्हणजे थ्रीडी सिक्युअर. पेमेंट करताना ग्राहकाला त्याच्या बँकेचा ओटीपी किंवा बँकेच्या ॲपमधली मान्यता मागितली जाते, ती हीच. व्हिसानं ती ‘व्हेरिफाइड बाय व्हिसा’ या नावानं २००१ मध्ये आणली. २०१६ मध्ये ईएमव्हीको या संस्थेनं तिची दुसरी पिढी जाहीर केली. तिच्यात दुकानाकडून बँकेला उपकरण, पत्ता, आधीची खरेदी असा बराच तपशील जातो, आणि बँकेचं समाधान झालं तर ग्राहकाला काहीही न विचारता व्यवहार पुढे सरकतो. विक्रेत्याच्या दृष्टीनं खरी गोम पुढे आहे. थ्रीडी सिक्युअरमधून पडताळून झालेल्या व्यवहारावर ‘ही खरेदी माझी नाही’ असा दावा आला, तर तोटा साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकतो.

याला दोन अपवाद लक्षात ठेवा. ‘माल मिळाला नाही’, ‘माल खराब निघाला’ असल्या दाव्यांपासून थ्रीडी सिक्युअर वाचवत नाही. ते तुमचंच ओझं. आणि विक्री सुरळीत व्हावी म्हणून तुम्ही किंवा तुमच्या गेटवेनं पडताळणीतून सूट मागितली असेल, तर त्या व्यवहाराची जबाबदारीही तुमच्याकडेच राहते. व्यवहाराच्या तपशिलात ईसीआय नावाचा दोन आकडी कोड असतो. व्हिसासाठी ०५ आणि मास्टरकार्डसाठी ०२ म्हणजे पडताळणी पूर्ण झाली. ०७ किंवा ०० म्हणजे झालीच नाही. महागडी ऑर्डर पाठवण्यापूर्वी हा कोड पाहायची सवय लावून घ्या.

भारतात आणि युरोपात बहुतेक ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नियमानंच लागते. बाकी अनेक ठिकाणी ती विक्रेत्याच्या मर्जीवर असते. परदेशी कार्ड घेत असाल तर आपल्याला सवय आहे म्हणून ‘ओटीपी आला असेलच’ असं गृहीत धरू नका.

पायरी ३: कार्ड टेस्टिंगला दार बंद करा

चोरांकडे हजारो क्रमांकांच्या याद्या असतात, पण त्यांतले चालू किती हे त्यांना ठाऊक नसतं. ते तपासायला त्यांना एखादं पेमेंटचं पान लागतं. छोट्या रकमेची वस्तू किंवा देणगीचं पान असेल तर फारच उत्तम. नवं, कमी गर्दीचं दुकान त्यांना आवडतं, कारण तिथे सहसा कुणी पाहत नसतं.

क्रमांक ‘बरोबर’ दिसणं हा कसलाच पुरावा नाही, हे एका उदाहरणात कळेल. कार्ड क्रमांकातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो आणि तो काढण्याची रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. तिचं पेटंट १९६० चं. चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा ४१११ ११११ ११११ ११११ हा क्रमांक घ्या. उजवीकडून मोजत प्रत्येक दुसरा आकडा दुप्पट करायचा (दुप्पट केल्यावर ९ पेक्षा जास्त आलं तर त्यातून ९ वजा करायचे) आणि सगळ्यांची बेरीज करायची. दुप्पट केलेल्यांत ४ चे ८ आणि सात १ चे १४ होतात, न बदललेल्या आठ १ चे ८. एकूण ३०. दहानं भाग गेला, क्रमांक ‘वैध’. हे गणित टायपिंगची चूक पकडण्यासाठी आहे. चोराचं सॉफ्टवेअर असे वैध क्रमांक सेकंदाला कितीही बनवू शकतं.

हल्ला सुरू असतो तेव्हा गेटवेच्या नोंदी पाहिल्या की वेगळं सांगावं लागत नाही. दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं एकाखाली एक ‘नाकारलं, नाकारलं, नाकारलं’, मध्येच एक ‘मंजूर’, परत नाकारलं. रक्कम तीच, दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू. ईमेलचे पत्ते अक्षरांची खिचडी. बरेचदा कार्डांचे पहिले सहा किंवा आठ आकडेही एकसारखेच, म्हणजे एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या कार्डांवर प्रयोग चाललेला.

असं दिसलं तर पेमेंटच्या पानावर कॅप्चा लावा. एका आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून), एका उपकरणावरून आणि एका ईमेलवरून ठरावीक वेळात किती प्रयत्न चालतील याची मर्यादा घाला. लॉगिन न करता कार्ड ‘सेव्ह’ करता येत असेल तर ते बंद करा. कार्ड नाकारलं गेल्यावर ग्राहकाला नेमकं कारण दाखवू नका. ‘सीव्हीव्ही चुकला’ असं पान सांगत असेल, तर तुम्ही चोराचा अभ्यासच तपासून देत आहात. ‘हे कार्ड चाललं नाही, दुसरं वापरून पाहा किंवा आपल्या बँकेशी बोला’ एवढं पुरे. नेमकं कारण तुमच्या नोंदीत राहू द्या.

मंजूर झालेले टेस्टिंगचे व्यवहार लगेच रद्द करा किंवा पैसे परत करा. ‘रक्कम छोटी आहे, राहू दे’ असं म्हणणाऱ्याला पुढे त्या प्रत्येक छोट्या रकमेवर स्वतंत्र चार्जबॅक आणि स्वतंत्र फी भरावी लागते.

पायरी ४: मंजुरी घ्या, पैसे नंतर उचला

कार्डाच्या व्यवहाराचे खरं तर दोन भाग असतात. आधी रक्कम राखून ठेवली जाते, ते ऑथोरायझेशन. मग ती प्रत्यक्ष उचलली जाते, ते कॅप्चर. बहुतेक दुकानांत दोन्ही एका झटक्यात होतं, पण अनेक गेटवेंमध्ये कॅप्चर हातानं करायची सोय मिळते. राखलेली रक्कम साधारण आठवडाभर टिकते, कार्ड आणि गेटवेप्रमाणे थोडं कमीजास्त.

महाग माल विकत असाल तर ही सोय जरूर घ्या. संशय आला तर मंजुरी सोडून द्यायची. पैसे उचललेच नसल्यानं चार्जबॅकचा प्रश्न उरत नाही. ऑर्डर खरी निघाली तर कॅप्चर करून पाठवायची. डाउनलोड, गिफ्ट कार्ड, गेमचे कोड विकणाऱ्यांकडे मात्र हा मधला वेळच नसतो, आणि म्हणून चोरांची पहिली पसंती त्यांनाच. अशांनी नव्या ग्राहकाची मोठी ऑर्डर थोडी थांबवून द्यावी आणि पहिल्या खरेदीत किती कोड मिळतील यावर मर्यादा घालावी.

पायरी ५: ऑर्डर वाचायला शिका

तयार सॉफ्टवेअर प्रत्येक ऑर्डरला धोक्याचा आकडा देतं आणि तो उपयोगी असतो. तरी सुरुवातीचे काही महिने आकड्याबरोबर ऑर्डरही स्वतः वाचा, कारण आपल्या दुकानाचा ग्राहक कसा वागतो हे सॉफ्टवेअरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

समजा कॅमेऱ्याच्या लेन्स विकणारं दुकान आहे. नव्या ग्राहकाची ऑर्डर आली: एकाच महाग लेन्सचे तीन नग, सगळ्यात जलद डिलिव्हरी. बिलिंगचा पत्ता एका देशातला, माल पाठवायचा दुसऱ्या देशात. नोंदी उघडल्यावर दिसतं की त्याच ब्राउझरवरून आधी दहा मिनिटांत चार वेगवेगळी कार्डं नाकारली गेली होती आणि पाचवं चाललं. लेन्सच्या पानावर तो माणूस जेमतेम वीस सेकंद थांबला. माउंट कोणता, कुठल्या कॅमेऱ्याला बसते, काहीही पाहिलेलं नाही.

यातलं काय महत्त्वाचं? वेगळे पत्ते एकटे काहीच सांगत नाहीत. लोक भेटी पाठवतात. जलद डिलिव्हरी घाई असलेला कुणीही मागेल. पण पाच कार्डं प्रामाणिक माणूस सहसा काढत नाही. आणि इतकी महाग लेन्स घेणारा खरा छायाचित्रकार ती आपल्या कॅमेऱ्याला बसेल का हे पाहिल्याशिवाय एकही घेणार नाही, तीन तर सोडाच. चोराला वस्तू वापरायची नसते, विकायची असते. त्याची निवड पुनर्विक्रीच्या भावावर ठरते, आणि ते त्याच्या वागण्यातून डोकावतं.

दोन डाव मात्र असे आहेत की त्यांत ऑर्डर अगदी स्वच्छ दिसते.

पहिला त्रिकोणी डाव. चोर एखाद्या बाजारपेठेच्या साइटवर तुमच्याकडे मिळणारी वस्तू स्वस्तात टाकतो. खरा, निरागस ग्राहक ती विकत घेऊन चोराला पैसे देतो. चोर मग चोरलेल्या कार्डानं तुमच्याकडे ऑर्डर देतो, पत्ता त्या निरागस ग्राहकाचा. पार्सल खऱ्या घरी, खऱ्या माणसाला पोचतं. सही खरी, तो समाधानीही. चार महिन्यांच्या आत चार्जबॅक तुमच्या दारात. हा डाव पकडायचा तर एकेकटी ऑर्डर पाहून चालत नाही. एकाच खात्यातून किंवा उपकरणावरून वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या पत्त्यांवर, दर वेळी नव्या कार्डानं ऑर्डर येत असतील तर थांबा. आपला माल खरेदी किमतीहूनही स्वस्तात कुणी विकतंय का, हे मधूनमधून शोधत राहा.

दुसरा डाव जास्त पैशांचा. मोठी ऑर्डर देणारा ‘ग्राहक’ गोड बोलतो आणि सांगतो की माल माझा ठरलेला वाहतूकदार उचलेल, पण तो कार्ड घेत नाही. तेव्हा त्याचे पैसेही माझ्या कार्डावर चढवा आणि तुम्ही त्याला बँकेतून पाठवा. कार्ड चोरीचं, वाहतूकदार त्याचाच माणूस. बँकेतून गेलेले पैसे गेलेच, वर कार्डाची सगळी रक्कम परत द्यावी लागते. या विनंतीला एकच उत्तर: नाही. जास्तीची रक्कम परत करायची वेळ आलीच तर ती ज्या कार्डावरून आली त्याच कार्डावर जाईल, दुसऱ्या कार्डावर किंवा खात्यात कधीच नाही.

जुन्या ग्राहकाच्या खात्यातून आलेली ऑर्डरही आंधळेपणानं सुरक्षित मानू नका. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून चोर खात्यात शिरतात आणि सेव्ह केलेलं कार्ड वापरतात. खात्यात ईमेल बदलला, लगोलग नवा पत्ता जोडला आणि लगेच महाग ऑर्डर आली, हा क्रम दिसला की खरेदी पुन्हा थ्रीडी सिक्युअरमधून न्या. ईमेल बदलल्याची सूचना जुन्या ईमेलवर जाईल अशी व्यवस्था ठेवा.

पायरी ६: संशय आला तर खात्री कशी करायची

कार्डाचा किंवा ओळखपत्राचा फोटो मागवू नका. तो बनवणं हल्ली पोरखेळ झालाय, आणि प्रामाणिक माणसाची नाजूक कागदपत्रं सांभाळायची जबाबदारी विनाकारण तुमच्यावर येते. ऑर्डरमधल्या क्रमांकावर फोन करणंही मर्यादित उपयोगाचं, कारण तो क्रमांक चोरानंच दिलेला असू शकतो. तरी बोलण्यातून बरंच कळतं. ‘ही लेन्स कुठल्या कॅमेऱ्यासाठी घेताय?’ असं सहज विचारा. खरा गिऱ्हाईक आनंदानं दहा मिनिटं बोलतो. चोर फोन उचलत नाही, किंवा फक्त ‘पाठवणार कधी?’ एवढंच विचारतो.

मला सगळ्यात सरळ वाटणारा मार्ग असा: आधीची मंजुरी सोडून द्या आणि थ्रीडी सिक्युअर सक्तीचं असलेली नवी पेमेंट लिंक पाठवा. सोबत दोन ओळी लिहा, की आमच्या नेहमीच्या सुरक्षा तपासणीचा भाग म्हणून हे पुन्हा करावं लागतंय, तसदीबद्दल क्षमस्व. भाषा आरोपाची नको. खरा ग्राहक एकदा कुरकुरेल आणि पैसे भरेल. चोर बहुधा परत फिरकणार नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नियम इतके आवळू नका की चांगली गिऱ्हाइकं दारातूनच परत जातील. नाकारलेल्या ऑर्डरमधून चार-पाच काढून अधूनमधून नीट पाहा. त्यांत खरी माणसं दिसली तर कुठला नियम त्यांना अडवतोय ते शोधून सैल करा. संपूर्ण देश ब्लॉक करणं हा सोपा उपाय वाटतो, पण चोराला दुसऱ्या देशाचा आयपी मिळवायला मिनिट लागत नाही. अडकतात ते तिथले प्रामाणिक लोक.

पायरी ७: पाठवताना

पेमेंट झाल्यावर डिलिव्हरीचा पत्ता बदलून मागितला तर ऑर्डर रद्द करून नव्यानं घ्या. वाटेत पत्ता बदलण्याची सोय काही कुरिअर देतात. महाग पार्सलांसाठी ती बंद ठेवायला सांगा. ट्रॅकिंग नेहमी हवं, मोठ्या रकमेला सहीसकट. वस्तूवर सीरियल क्रमांक असेल तर टिपून ठेवा. परत आलेला माल तोच आहे का, हे त्यावरून कळतं.

पायरी ८: कार्डाचा मालकच ‘मी नाही घेतलं’ म्हणतो तेव्हा

बरेच दावे चोरीचे नसतातच. मुलानं वडिलांच्या कार्डावर काही घेतलं, चाचणीची मुदत संपून वर्गणी सुरू झाली ते विसरलं, किंवा स्टेटमेंटवरचं नाव ओळखीचं वाटलं नाही. काही जण माल ठेवून मुद्दाम पैसे परत मागतात, तेही आहेच.

स्टेटमेंटवर उमटणारं नाव दुकानाच्या नावाशी जुळतं का, हे आजच स्वतःच्या कार्डानं छोटी खरेदी करून पाहा. नोंदणीकृत कंपनीचं नाव वेगळं असेल आणि तेच छापलं जात असेल, तर गेटवेला सांगून बदलून घ्या. वर्गणी घेत असाल तर पैसे कापण्याआधी आठवण पाठवा आणि रद्द करायचं बटण सहज सापडेल असं ठेवा. रिफंड लवकर दिलात तर माणूस बँकेकडे जात नाही.

पायरी ९: दावा आलाच तर

गेटवेच्या सूचनेत दिलेली तारीख आधी पाहा. ती चुकली की बाजू कितीही भक्कम असो, दावा हरलात. मग दाव्याचं कारण वाचा. कारणाचा कोड व्हिसाचा १०.४ किंवा मास्टरकार्डचा ४८३७ असेल तर तो फसवणुकीचा दावा. थ्रीडी सिक्युअर झालं असेल तर त्याचा पुरावा जोडा. ‘माल मिळाला नाही’ असा दावा असेल तर पोच जोडा. ज्याचा संबंध नाही त्याची पानं जोडून फाइल फुगवू नका. वाचणाऱ्याकडे वेळ कमी असतो.

ओळखीच्या ग्राहकानंच नाकारलं असेल तर एप्रिल २०२३ पासून व्हिसाच्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. त्याच कार्डावरचे, १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे, फसवणुकीची तक्रार न झालेले दोन व्यवहार दाखवायचे. आयपी, उपकरण, डिलिव्हरीचा पत्ता आणि खात्याचं लॉगिन यांपैकी किमान दोन गोष्टी त्या व्यवहारांत आणि वादग्रस्त व्यवहारात सारख्या हव्यात, आणि त्यांतली एक आयपी किंवा उपकरण असायलाच हवी. म्हणजे आज आयपी आणि उपकरणाची नोंद ठेवली असेल तरच वर्षभरानंतर ती कामी येईल. किती काळ काय साठवता हे गोपनीयतेच्या धोरणात लिहून ठेवा.

दाव्यांचं प्रमाण दर महिन्याला बघा. मास्टरकार्डच्या एका देखरेख कार्यक्रमात महिन्याला १०० दावे आणि १.५ टक्के प्रमाण ओलांडलं की विक्रेत्यावर कारवाई सुरू होते. प्रकरण हाताबाहेर गेलं आणि बँकेनं खातं बंद केलं, तर विक्रेत्याचं नाव अशा खाती बंद झालेल्या विक्रेत्यांच्या ‘मॅच’ नावाच्या यादीत जाऊ शकतं आणि तिथे ते पाच वर्षं राहतं. तेवढ्या काळात दुसरा गेटवे मिळवणं फार जड जातं.

कधी दाव्याच्या आधी फोनच येतो: ‘तुमच्या दुकानातून माझ्या कार्डावर खरेदी झालीय, मी तुम्हाला ओळखतही नाही.’ समोरचा घाबरलेला किंवा चिडलेला असतो. वाद घालू नका आणि पूर्ण कार्ड क्रमांक विचारू नका. शेवटचे चार आकडे, तारीख आणि रक्कम एवढ्यावर ऑर्डर सापडते. ज्या पत्त्यावर माल चाललाय तो मात्र त्यांना सांगू नका, कारण तिथे राहणारा निर्दोष असू शकतो आणि फोन करणारा कोण हेही तुम्हाला ठाऊक नसतं. त्यांना कार्ड बंद करायला आपल्या बँकेकडे पाठवा, फोन ठेवा आणि लगेच कुरिअरला कळवून पार्सल थांबवा. पार्सल परत मिळालं किंवा नाही, तरी रक्कम त्याच कार्डावर परत करा आणि रिफंडचा क्रमांक त्यांना ईमेलनं द्या. त्याच उपकरणावरून, त्याच पत्त्यावर आलेल्या बाकीच्या ऑर्डर त्याच दिवशी शोधून अडवा. एक सापडली की बरेचदा अजून दोन-तीन रांगेत असतात.